तीन बरगड्यांचा रोस्ट मागवला आणि बोनलेस आला

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : हाडासकट रिब रोस्टऐवजी न विचारता बोनलेस पाठवणे, पाकिटावरचं चुकीचं वजन आणि भाजण्याच्या दिशाभूल करणाऱ्या सूचना

महोदय / महोदया,

गेली सहा वर्षं मी तुमच्याकडून मांस मागवते. आजवर एकदाही तक्रार करायची वेळ आली नव्हती. ऑर्डरची पावती, पाकिटावरच्या लेबलचा फोटो आणि भाजलेल्या रोस्टचे दोन फोटो सोबत जोडले आहेत.

मी बीफचा तीन बरगड्यांचा, हाडासकट रिब रोस्ट, म्हणजे ओव्हनमध्ये अखंड भाजायचा बरगड्यांकडचा मोठा तुकडा, मागवला होता. ऑर्डर देताना सूचनेच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं : मणक्याकडचं हाड काढून टाकावं, बरगड्या मांसापासून सोडवून त्याच जागी दोऱ्याने परत बांधून द्याव्यात. तुमचे कसाई हे काम उत्तम करतात, आधी दोनदा करून दिलं आहे. या वेळी आला तो बोनलेस तुकडा, दोऱ्याचा एक वेढाही नसलेला. लेबलवर मात्र 'रिब रोस्ट, 3.2 किलो' असंच छापलेलं. घरच्या काट्यावर तो 2.5 किलो भरला. पैसे 3.2 किलोचे घेतले गेले.

हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, "मांस तेवढंच आहे मॅडम, फक्त हाडं काढली आहेत. उलट कापायला सोपं." मी विचारलं, मग ती हाडं कुठे आहेत? त्यांचे पैसे मी दिलेत. बरगड्यांच्या मधल्या पट्ट्यांमध्ये चांगलं चरबीदार मांस असतं, तेही त्यांच्याबरोबर गेलं. यावर उत्तर मिळालं नाही.

पण मी केवळ सातशे ग्रॅमसाठी हे पत्र लिहीत नाहीये. हाडासकट आणि बोनलेस रोस्ट एकाच्या जागी दुसरा चालेल, असं तुमची कंपनी धरून चालते, आणि खरी चूक तिथे आहे.

हाडामुळे मांसाला आतून चव येते असा माझा दावा नाही. प्रतिनिधीने तो समज खोडून काढला, ते बरोबरच होतं. भाजताना हाडातली मज्जा जाड हाड ओलांडून मांसात उतरत नाही. हाडाचं काम वेगळं आहे. त्यातून उष्णता हळू जाते, त्यामुळे त्याला लागून असलेलं मांस सावकाश शिजतं आणि जास्त गुलाबी, जास्त रसाळ राहतं. त्या बाजूचा पृष्ठभाग झाकलेला असल्याने तो वाळतही नाही. शिवाय बरगड्यांची कमान म्हणजे रोस्टची स्वतःची घडवंची. मांस ट्रेच्या तळापासून उचललेलं राहतं आणि खालून गरम हवा खेळते. बोनलेस तुकड्याला यातलं काही नसतं. त्याला चहूबाजूंनी उष्णता लागते, तो लवकर होतो, म्हणून त्याला जाळीवर ठेवावं लागतं आणि दर दोन बोटांवर दोऱ्याने आवळून सारखा गोल करावा लागतो. नाहीतर पातळ टोक जाड भागाच्या कितीतरी आधी शिजून जातं.

बोनलेस वाईट असतो असं मी म्हणत नाही. सुरीखाली तो सहज कापला जातो, सगळ्या बाजूंनी खरपूस करता येतो. जेवायला बसणाऱ्यांना हाडांशी झटापट नको असेल तर मी स्वतः बोनलेस सुचवेन. पण मग तो बोनलेस म्हणून मागवायचा आणि बोनलेस म्हणूनच भाजायचा.

आता तुमच्या भाजण्याच्या सूचनांच्या पत्रकाबद्दल. त्यात एकच ओळ आहे : '180 अंश सेल्सियस, दर किलोला 40 मिनिटं.' हाडासकट की बोनलेस, याचा उल्लेख नाही. दोऱ्याचा नाही. मांसाच्या आतल्या तापमानाचाही नाही. लेबलवरच्या 3.2 किलोने गुणलं की 128 मिनिटं होतात. खऱ्या 2.5 किलोला हाच हिशेब 100 मिनिटांवर थांबतो. म्हणजे तुमच्याच सूत्राने अठ्ठावीस मिनिटं जास्त. आणि वजनावरून वेळ काढणं मुळातच कच्चं आहे. रोस्ट किती वेळ घेणार हे जास्त करून त्याच्या जाडीवर ठरतं. तीन बरगड्यांचा रोस्ट आणि तेवढाच जाड पण सहा बरगड्यांचा रोस्ट यांच्या वजनात दुपटीचा फरक असतो, वेळेत नाही.

आदल्या रात्री मी मीठ चोळून तो फ्रिजमध्ये उघडा ठेवला होता, वरचा भाग कोरडा झाला की छान तांबूस होतो म्हणून. फोन सकाळी केला. पाहुणे संध्याकाळी येणार होते, बदलून मागवायला वेळच नव्हता. "पत्रकाप्रमाणेच करा, बोनलेसलाही तेच लागू आहे," असं प्रतिनिधीने सांगितलं. घरात दोरा नव्हता, म्हणून तसाच ट्रेमध्ये ठेवला. माझ्या आधीच्या तीन बरगड्यांच्या रोस्टमध्ये पावणेदोन तासांनी आत साधारण 48 अंश दिसायचे, तिथून मी सावध व्हायचे. या वेळी 1 तास 50 मिनिटांनी थर्मामीटर मधोमध खुपसला तर आकडा 63 वर. लगेच बाहेर काढला. पण ओव्हनमधून काढल्यावरही मांस आतून तापत राहतंच. कापायच्या वेळेला तो 69 वर पोहोचला होता. मला 55 च्या आसपास हवा होता.

पहिला काप पडला तेव्हा कडेपासून मध्यापर्यंत एकच करडा रंग होता. गुलाबी भाग बोटाएवढाही नव्हता. रस सगळा फळीवर पसरला, काठावरून ओट्यावर ओघळला. खालची बाजू ट्रेमधल्या चरबीत बसून राहिल्याने भाजलीच नव्हती, नुसती शिजून मऊ, फिकट झाली होती. पातळ टोकाचे काप चावता येईनात.

माझ्या बाबांना रोस्टमधलं मांस नाही, बरगड्या आवडतात. तिन्ही बरगड्या नेहमी त्यांच्या ताटात जातात. ते हातात धरून कडेची करपलेली चरबी दाताने ओढून खातात, आणि मग जेवण झाल्यासारखं त्यांना वाटतं. त्या संध्याकाळी त्यांनी ताटाकडे पाहून विचारलं, "अगं, हाडं कुठायत?" आठ माणसं जेवायला बसली होती, म्हणून मी विषय बदलला. पण त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडूनच यायला हवं.

माझी मागणी अशी आहे. जी हाडं मला मिळाली नाहीत त्या 700 ग्रॅमचे पैसे परत करावेत. रोस्ट वाया गेला त्याची भरपाई काय द्यायची ते तुम्ही ठरवा, मी त्यावर घासाघीस करणार नाही. मात्र यापुढे हाडासकट रोस्ट शिल्लक नसेल तर ग्राहकाला आधी फोन करा, बदली माल परस्पर पाठवू नका. पाकिटावर आतल्या तुकड्याचं खरं वजन छापा.

आणि पत्रक कृपा करून नव्याने लिहा. हाडासकटसाठी वेगळं, बोनलेससाठी वेगळं. बोनलेसबरोबर दोरा द्या किंवा तो बांधूनच पाठवा. मिनिटं अंदाजापुरती असू द्यात, पण आतलं तापमान ठळक लिहा : मीडियम रेअरसाठी, म्हणजे आतून गुलाबी आणि रसाळ हवा असेल तर, 54 ते 57 अंश, आणि 180 अंशांच्या ओव्हनमधून त्याच्या पाचेक अंश आधीच बाहेर काढायचं. अमेरिकेचं कृषी खातं अखंड तुकड्यासाठी किमान 63 अंश आणि नंतर 3 मिनिटं विसावा सांगतं, तोही आकडा शेजारी द्या, म्हणजे घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर ठरवता येईल. थर्मामीटरचं टोक सर्वात जाड भागाच्या मध्यभागी असावं, हाडाला किंवा चरबीच्या थराला टेकू नये, हेही लिहा. हाडाला टेकलं की आकडा चुकतो आणि माणूस फसतो.

हेल्पलाइनवर बसणाऱ्यांनाही हा फरक समजावून सांगा. त्या सकाळी त्यांनी एवढंच म्हटलं असतं, "हा बोनलेस आहे, आवळून बांधा, तासाभरानंतर दर दहा मिनिटांनी तापमान बघा," तर रोस्ट वाचला असता.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं ही विनंती. पुढच्या महिन्यात मला पुन्हा तीन बरगड्यांचा रोस्ट हवा आहे. तो तुमच्याकडून मागवायचा की नाही, हे तुमचं उत्तर वाचून ठरवेन.

आपली,
सहा वर्षांची एक ग्राहक

सोबत : पावती, लेबलचा फोटो, रोस्टचे दोन फोटो