सव्वाआठच्या गाडीतल्या ताईंना

आदरणीय ताई,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुम्हाला आवडायचं नाही, आणि तुमच्या कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर उद्यापासून रांग लागेल ती वेगळीच. कोरेगाव–सातारा, सकाळची सव्वाआठची गाडी, डाव्या अंगाचं तिसरं बाकडं, खिडकीची जागा आणि अर्धं तिकीट, एवढं सांगितलं तरी तुम्हाला पुरे. मी तुमचा 'मास्तर', त्या एसटीचा वाहक.

पत्र दोन वर्षं उशिरा लिहितोय. उशीर हा आमच्या घरचा विषयच आहे म्हणा.

सप्टेंबर २०२४. आमचा दोन दिवसांचा संप नुकताच मिटला होता आणि गणपतीची गर्दी सुरू झाली होती. त्या सकाळी मी तुम्हाला अर्ध्याऐवजी पूर्ण तिकीट दिलं. तुम्ही ते उलटसुलट बघून म्हणालात, "काय मास्तर, महिला सन्मान बंद झाली की काय?" गाडी हसली. मी हसलो नाही, आणि ते तुमच्या ध्यानात आलं. माहुलीचा पूल येईपर्यंत तुम्ही काही बोलला नाहीत. साताऱ्याच्या स्टँडवर सगळे उतरले, तुम्ही मात्र बसून राहिलात आणि म्हणालात, "बोला."

आमच्या खात्यात 'फेरी' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडी येतो. एक फेरी चुकली तर माणूस पुढच्या फेरीने जातो, असं माझं साधं गणित. इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांनाही मी तेच गणित लावलं. पहिल्या फेरीत मुलीला काही मिळालं नाही, म्हटलं दुसरी आहे. दुसरीत नाही, म्हटलं तिसरी आहे. तिसऱ्या फेरीची यादी लागली त्या रात्री मी मुक्कामी गाडीवर होतो. तिने फोनवर एवढंच सांगितलं, "पप्पा, नाही लागला." आणि फोन ठेवला.

तुम्ही विचारलंत, पर्याय किती भरले होते? मी म्हणालो, सहा. तुमचा चेहरा मला अजून आठवतो. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सहाही पर्याय मी निवडले होते, डेपोत ज्यांची मुलं शिकलीत त्यांना विचारून, सगळी नावाजलेली कॉलेजं. मुलीच्या सीईटीच्या पर्सेंटाइलला त्यातलं एकही झेपणारं नव्हतं. फी माफीच्या योजनेतल्या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी 'टी' असतो, तोही पर्याय म्हणून वेगळा भरावा लागतो, हे तर कोणीच सांगितलं नव्हतं. फॉर्म भरून देणाऱ्या पोराला दोष देत नाही. त्याने मी सांगितलं ते टाइप केलं.

तुम्ही पुढचं विचारलंत तेव्हा मी खिशातून कागद काढला. पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज, दोन जामीनदारांच्या सह्यांसकट. एका खासगी कॉलेजने संस्थास्तरावर, म्हणजे कॅपच्या बाहेरून, जागा देतो म्हणून कळवलं होतं. वर्षाची फी सव्वा लाखाच्या वर, वीस हजार टोकन दोन दिवसांत, आणि मुलीचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करायचा. मी निर्धास्त होतो, कारण मुलींना फी माफ झाल्याचं पेपरात वाचलं होतं. आमच्याकडे ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला होता, उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी आत. त्या कॉलेजच्या खिडकीवर मी विचारलंही होतं की माफी मिळेल ना? उत्तर मिळालं सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं नाव घेऊन, "महाडीबीटीवर फॉर्म भरा, मग बघू." त्या 'मग बघू'वर मी सव्वा लाखाचं कर्ज काढायला निघालो होतो.

तुम्ही मोबाइलवर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय उघडलात, चष्मा वर केलात आणि बोट ठेवून दाखवलंत. माफी आहे, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के, पण केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ती लागू नाही. म्हणजे आम्ही एकदा त्या दाराने आत गेलो असतो, तर चारही वर्षं पदरचे पैसे. "हे तुम्हाला तिथेच सांगायला हवं होतं," एवढंच तुम्ही म्हणालात. त्या कॉलेजबद्दल वाईट एक शब्द काढला नाहीत. मी मात्र मनातल्या मनात बरेच काढले.

मग तुम्ही माझ्या हातातलं तेच चुकीचं पूर्ण तिकीट घेतलंत आणि त्याच्या पाठीवर लिहायला लागलात. आम्ही सुटे पैसे नसले की तिकिटामागे बाकी लिहून देतो, तसं. पहिली ओळ होती, 'मूळ दाखला कुठेही देऊ नका.' दुसरी, 'टोकन भरू नका.' तिसरी लिहायच्या आधी तुम्ही थांबलात आणि विचारलंत, "मुलीला आवडतं काय?"

ताई, मला उत्तर आलं नाही. अठरा वर्षं एका घरात राहून. बराच विचार करून मी तुम्हाला वहीची गोष्ट सांगितली, ती पण तक्रार म्हणून. पोरगी अभ्यास सोडून माझ्या गाडीचं भारमान लिहीत बसते म्हणून. मी घरी आलो की कुठल्या फेरीला किती प्रवासी होते ते विचारायची, वहीत रकाने पाडायची. मंगळवारी गर्दी कशाने वाढते, शनिवारी शेवटची फेरी रिकामी का जाते, पाऊस पडला की काय होतं. एकदा तर तिने मला बजावलं होतं की पावणेसहाची फेरी वीस मिनिटं पुढे ढकला, कॉलेजची पोरं मिळतील. मी म्हटलं, तू काय विभाग नियंत्रक आहेस का?

तुम्ही हसलात आणि तिसरी ओळ लिहिलीत, 'बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, अनुदानित.'

अनुदानित आणि विनाअनुदानित हा फरक मला कॉलेजा-कॉलेजातला वाटायचा. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोन्ही असतात हे तुम्ही समजावलंत. संगणकाचं नाव असलेले नवे कोर्स बहुतेक विनाअनुदानित, फी जास्त, तरी मुलांची झुंबड. गणित, भौतिक, संख्याशास्त्र असे जुने विषय अनुदानित, प्राध्यापकांचा पगार सरकारकडून, फी थोडी, आणि जागा रिकाम्या. मला लगेच समजलं. एकाच फलाटावर लाल परीही लागते आणि शिवशाहीही, दोन्ही पुण्यालाच जातात. फरक तिकिटाचा. तुम्ही म्हणालात, "मास्तर, हे उदाहरण मी आता खिडकीवर वापरणार." वापरता का अजून?

पण मी आभार मानतोय ते निव्वळ हा मार्ग दाखवल्याबद्दल नाही. माहिती सांगणारे मला त्या महिन्यात खूप भेटले. प्रत्येकजण आपल्या बाजूची तेवढीच सांगायचा. तुम्ही तुमच्याच कॉलेजच्या उण्या बाजूही सांगितल्यात. वर्ग सुरू होऊन दोन महिने झालेत, ती मागे पडेल. मोठ्या कंपन्या दारात येऊन नोकऱ्या देतील असं समजू नका. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोड विषय, असं आलंय, पहिलं वर्षभर आमचाही गोंधळ असेल. बी.एस्सी. झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं हे खरं, पण आधी डिप्लोमावाल्यांच्या जागा भरतात, उरल्या तर बी.एस्सी.वाल्यांना, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. एम.सी.ए.ची सीईटी आहे, एम.एस्सी. आहे, केंद्र सरकारची सांख्यिकी सेवा आहे, राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात पदं निघतात. "पण हे सगळं तिने अभ्यास केला तर," असं म्हणून घड्याळ बघितलंत आणि जवळजवळ पळत गेलात. तुमच्या मस्टरवर त्या दिवशी लाल शेरा पडला असणार. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि माझ्यामुळे किती सकाळी असे शेरे पडले ते मोजायला पोरीलाच सांगायला हवं.

घरी आलो, तिकीट तिच्या पुढ्यात ठेवलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "पप्पा, त्या सहांपैकी मला एकही नको होतं." मग विचारलं का नाहीस, असं मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी कळलं की प्रश्न उलटा आहे.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. उशिराच्या प्रवेशाला विद्यापीठाची परवानगी लागते म्हणून अर्जाचा मसुदा तुम्ही सांगितलात, तिने लिहिला. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तुमच्या खिडकीवर होतो. विलंब शुल्क धरून वर्षाची सगळी फी सात हजारांच्या घरात गेली. पतसंस्थेचा कागद मी फाडला. जामीनदार म्हणून सही केलेल्या दोघांना चहा पाजला, तेवढाच खर्च.

सगळं गोड झालं असं लिहिलं तर खोटं होईल. महिनाभर मीच तोंड पाडून होतो. भावकीत कोणी विचारलं की "सायन्सला आहे" एवढंच सांगायचो, बी.एस्सी. म्हणताना जीभ अडखळायची. मेहुण्याचा मुलगा इंजिनिअरिंगला गेलेला, त्याचं कौतुक दिवाळीत ऐकावं लागलं. पहिल्या सेमिस्टरला तिचा एक विषय राहिला, दोन महिन्यांचं बुडालेलं भरून निघालं नव्हतं. त्या दिवशी मला तुमचाही राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला तिने तो काढला.

'कमवा आणि शिका'मध्ये नाव घालायचं तुम्ही सुचवलंत तेव्हा तिची आई नको म्हणत होती, लोक काय म्हणतील. तुमचा निरोप मुलीने जसाच्या तसा सांगितला, "साताऱ्यात राहून कमवा-शिकाची लाज? कर्मवीर अण्णांच्या गावात?" त्यावर बोलायला काही उरलंच नाही. आता ती रोज दोन तास लायब्ररीत असते, पुस्तकं लावते, तिथेच वाचते. एसटीच्या सवलतीच्या पासाचे पैसे ती स्वतः भरते आणि मला मुद्दाम दाखवते.

२९ जूनला, महालनोबिस यांच्या जयंतीला, सांख्यिकी दिन असतो. गेल्या वर्षी तिच्या विभागात पोस्टरची स्पर्धा झाली. तिने माझ्या गाडीच्या तीन वर्षांच्या भारमानाचं पोस्टर केलं. नंबर आला नाही. पण तिच्या सरांनी त्याचा फोटो काढून ठेवला, आणि मी तो फोटो आमच्या डेपो मॅनेजरांना दाखवला. पावणेसहाची फेरी अजून पावणेसहालाच सुटते. सरकारी काम आहे, वेळ लागेल.

माझं शेड्यूल बदललं आणि सव्वाआठची गाडी सुटली, म्हणून हे समोर बसून सांगायचं राहिलं. ते तिकीट अजून आहे. मशीनची छपाई उडून पुढची बाजू कोरी झाली, मागचं तुमचं बॉलपेन शाबूत आहे. आणि त्या दिवशी तुमच्याकडून जास्त घेतलेलं अर्ध्या तिकिटाचं भाडं मी तुम्हाला परत दिलेलंच नाही, हे पत्र लिहिताना लक्षात आलं. मुलीबरोबर पाठवतो. घ्या, हिशेब आहे.

आणखी एक काम आहे. आमच्या विश्रांतीगृहात हल्ली मे-जून आला की लोक मला गाठतात. मी तुमचं ऐकून सांगतो. पर्याय भरपूर भरा, 'टी'वाला कोड विसरू नका, संस्थास्तरावर जाताना माफीचं लेखी विचारा, मूळ दाखला हातचा सोडू नका. चुकत असलो तर दुरुस्त करा, नियम दरवर्षी बदलतात आणि मी पडलो वाहक. यंदा एका ड्रायव्हरची मुलगी आणि एका मेकॅनिकचा मुलगा, दोघांना सोमवारी तुमच्या खिडकीवर पाठवतोय. मुलगी धीट आहे, तिची ती बोलेल. मुलगा वडिलांसमोर तोंड उघडत नाही. वडिलांना झेरॉक्स काढायला पाठवा, मग विचारा.

आपला,
मास्तर