तलावातला पारा तपासायचा आहे, हातभार लावा!

सप्रेम नमस्कार,

आपल्या तलावाच्या पाण्याची तपासणी अधूनमधून होत असते. पण पाऱ्याच्या बाबतीत नुसतं पाणी तपासून भागत नाही. थर्मामीटरमधून, ट्यूबलाइटमधून किंवा कोळशाच्या धुरातून आलेला बराचसा पारा तळाच्या गाळात जाऊन बसतो. तिथले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि हा पारा अंगात शिरला की लवकर बाहेर पडत नाही. शेवाळातून तो जेमतेम दिसणाऱ्या पाणपिसवांत (पाण्यातल्या बारीक जिवांत) जातो, त्यांच्यातून चतुर या कीटकाच्या अळीत, मग माशात, आणि दर पायरीला वाढतच जातो. काठावर गळ टाकून बसणाऱ्यांच्या घरी हेच मासे शिजतात. पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त धोका असतो.

म्हणून आम्हाला चतुराच्या अळ्या तपासून घ्यायच्या आहेत. पंख फुटण्याआधी चतुर बराच काळ पाण्यातच शिकार करून जगतो, त्यामुळे तलावातला पारा त्याच्या अंगात साठतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत विद्यार्थी आणि स्वयंसेवक याच कामासाठी अळ्या गोळा करतात. आपल्या मुलांनाही ते सहज जमेल.

सामान्य माणसांच्या हातून काय होऊ शकतं, ते कोडाईकनालने दाखवलं आहे. तिथल्या लोकांनी भंगाराच्या दुकानात थर्मामीटरच्या कारखान्यातली पारा लागलेली काच शोधून काढली आणि २००१ मध्ये तो कारखाना बंद पडला.

पाऱ्याची चाचणी साध्या प्रयोगशाळेत होत नाही आणि ती खर्चिक असते. जमेल तेवढी देणगी द्या, प्रत्येक रुपयाची पावती मिळेल. अहवाल जसा येईल तसा तलावाच्या फलकावर लावू. गाळात उतरायला तरुण मंडळी हवीत, जाळी आणि हातमोजे आम्ही देऊ.

डॉक्टर आणि शाळांना खास विनंती: रक्तदाब मोजायच्या जुन्या उभ्या यंत्रात थर्मामीटरच्या कितीतरी पट पारा असतो. ते यंत्र भंगारवाल्याला देऊ नका. जुने थर्मामीटर, सीएफएल आणि ट्यूब कायद्यानेही वेगळ्या द्यायच्या कचऱ्यातच मोडतात. हे सगळं न फोडता समितीच्या कार्यालयात आणून द्या, पुढे रीतसर पोचवायची जबाबदारी आमची.

घरात थर्मामीटर फुटलाच तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा. झाडू फिरवू नका. थेंब जाड कागदाने गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि ती बाटलीही आमच्याकडे द्या.

आपली,
तलाव संवर्धन समिती