अदीर काका, त्या शेळ्यांच्या आकड्याबद्दल आभार

प्रिय अदीर काका,

सादर नमस्कार.

सोमालीत वडीलधाऱ्या माणसाला 'अदीर' म्हणतात आणि त्याचा अर्थ काकाच, हे तुमच्या नातवाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरीही माझ्या तोंडी 'अदीर काका' बसलं ते बसलंच. असू दे. दोन्ही भाषांतला मान तुमचाच आहे.

पत्र मराठीत लिहिते आहे. तुमचा नातू तीन वर्षं पुण्यात राहून आता रिक्षावाल्याशी मराठीत बोलतो, तो तुम्हाला सोमालीत सांगेल. आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहिते आहे, कारण कोंढव्यात तुमच्याकडची इतकी मुलं राहतात, त्यांच्यामागे घरी कसली माणसं आहेत हे इथल्या लोकांना कळावं असं मला फार वाटतं.

माझा एम.ए.चा प्रबंध मागच्या महिन्यात मान्य झाला. स्वातंत्र्यानंतर सोमालियात आधी मुलकी सरकारं आली, १९६० ते १९६९. मग सियाद बरेंचं लष्करी सरकार, १९९१ पर्यंत. दोघांपैकी अर्थकारण कोणाचं बरं, हा विषय. डिसेंबर २०२३ मध्ये तुम्ही पुण्यात होतात आणि मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, आणि माझ्या दृष्टीने प्रबंधही जवळजवळ झालाच होता. डावीकडे मुलकी, उजवीकडे लष्करी, असा दोन रकान्यांचा मोठा तक्ता. खाली निष्कर्ष: पहिली नऊ वर्षं वाया गेली, लष्कराने पाच-सहा वर्षांत घडी बसवली, पुढे युद्धाने ती विस्कटली. मला तुमच्याकडून फक्त एक-दोन आठवणी हव्या होत्या, प्रस्तावनेत घालायला.

तुम्ही काळा चष्मा वर करून तक्ता डोळ्यांजवळ धरलात. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग पशुधनाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणालात, "यातल्या काही शेळ्या मी मोजल्यात."

ते सगळं मी त्या रात्री वहीत उतरवून काढलं. सोमाली भाषेला अधिकृत लिपीच १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाली. त्याआधी सरकारी कागद इंग्रजीत, इटालियनमध्ये, नाहीतर अरबीत. मग ऑगस्ट १९७४ मध्ये सरकारने माध्यमिक शाळा वर्षभर बंद ठेवल्या आणि सुमारे २५ हजार विद्यार्थी आणि शिक्षक धनगरांच्या मुलखात पाठवले, भटक्या लोकांना लिहा-वाचायला शिकवायला. तुम्ही उत्तरेतल्या हर्गेसा शहरातल्या शाळेतले, सतरा वर्षांचे. बुराओच्या पलीकडे एका कुटुंबाबरोबर उंटांमागून फिरलात. ते थांबतील तिथे शाळा. शिकवण्याबरोबर माणसं आणि जनावरं मोजायचं कामही तुमच्याकडेच होतं. देशाची ती पहिलीच जनगणना.

आणि जनावरं कोणी मोजू देईना. एक तर दृष्ट लागते, दुसरं म्हणजे आज मोजलं तर उद्या कर लागेल. "शंभर सांगणाऱ्याकडे दोनशे असतील हे आम्हाला कळत होतं," तुम्ही म्हणालात. "आम्ही शंभर लिहिलं. त्याच्याच घरचं दूध पिऊन त्याला खोटं कसं पाडायचं?"

मी रावेरची. आमच्या आजीनेही दुभत्या म्हशींची संख्या परक्या माणसाला कधी धड सांगितली नाही. तरी हे मला सुचलं नव्हतं. त्या आकड्यांवरून मी वाढीचा दर काढला होता, दशांश चिन्हानंतर दोन घरं. ज्या देशात बहुतेक माणसं जनावरांवर जगतात, तिथे पायाचा आकडाच भिडेखातर लिहिलेला असू शकतो हे मला तुम्ही सांगेपर्यंत कळलं नाही. त्यात तुम्ही मोजत असतानाच 'दबाधेर' नावाचा तो दुष्काळ पडला आणि मोजलेली जनावरं तुमच्या डोळ्यांदेखत मेली. तुमचा आकडा कागदावर पोचला तोवर जुना झालेला होता.

मुलकी सरकारांबद्दल मी फार उर्मटपणे लिहिलं होतं, आता कबूल करते. तुम्ही मला एवढंच विचारलंत, की १ जुलै १९६० ला देशात तिजोऱ्या किती होत्या? उत्तर दोन. २६ जूनला स्वतंत्र झालेला ब्रिटिश उत्तर भाग आणि १ जुलैला स्वतंत्र झालेला इटालियन दक्षिण भाग त्याच दिवशी एक झाले, पण उत्तरेत पूर्व आफ्रिकी शिलिंग चालत होतं, दक्षिणेत सोमालो. जकातीचे दर वेगळे, हिशेबाच्या पद्धती वेगळ्या, कारकुनांच्या भाषा वेगळ्या. वर्षाच्या खर्चाची तोंडमिळवणी रोम आणि लंडनच्या मदतीवर. केनियातल्या सोमाली प्रदेशावरून १९६३ मध्ये ब्रिटनशी संबंध तुटले आणि लंडनची मदत गेली. एक चलन, एक जकात, एक अंदाजपत्रक: हे शिवणकाम करण्यात अर्धं दशक गेलं. माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. त्या सरकारांनी काहीच केलं नाही असं मी लिहिलं, कारण त्यांनी जे केलं ते टनांत मोजता येत नव्हतं.

तुम्ही त्यांची बाजूही घेतली नाहीत, हे इथे लिहायलाच हवं. १९६९ च्या निवडणुकीत १२३ जागांसाठी साठाहून जास्त पक्ष उभे राहिले आणि निकालानंतर जवळजवळ सगळे निवडून आलेले सत्ताधारी पक्षात जाऊन बसले. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष शेरमार्के यांची हत्या झाली, सहा दिवसांत लष्कर आलं, आणि तुमच्या वडिलांनी दुकान बंद करून मिठाई वाटली. ती मिठाई तुम्हीही खाल्लीत. हे तुम्ही लपवलं नाहीत.

मग केळ्यांची गोष्ट. तुमच्या सुनेने भात वाढला आणि ताटात शेजारी अख्खं केळं ठेवलं. मी हसले, कारण आमच्याकडे केळं पिकतं, पण भाताबरोबर कोणी खात नाही. त्यावरून विषय निघाला. शबेले आणि जुबा नद्यांच्या काठच्या केळ्याला इटलीत राखीव बाजार होता, जगात मिळेल त्याहून चढा भाव होता. जून १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद झाला. जहाजांना अख्ख्या आफ्रिकेला वळसा. केळं वाट बघत नाही, हे रावेरच्या पोरीला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे वॅगन दोन दिवस उशिरा मिळाली तर बाबांना झोप लागायची नाही. तुमच्या केळ्याला मात्र जून १९७५ पर्यंत तो कालवा मिळाला नाही. एगाल पंतप्रधान झाले ते जुलै १९६७ मध्ये, कालवा बंद झाल्याच्या पुढच्याच महिन्यात. केळ्याला बसलेला तो फटका मी त्यांच्या नावावर टाकला होता. त्या संध्याकाळी मी तिथेच पेन काढून तो परिच्छेद खोडला.

लष्करी राजवटीचं तुमच्याकडून ऐकणं जास्त अवघड गेलं. १९७० मध्ये बँका सरकारी झाल्या, जोहरचा साखर कारखाना सरकारी झाला. १९७१ पासून मका आणि ज्वारी सरकारी महामंडळालाच, ठरलेल्या भावाने विकायची. आमच्या खानदेशाने कापूस एकाधिकार खरेदी पाहिलेली आहे, त्यामुळे ठरलेला भाव म्हणजे काय हे मला समजावावं लागलं नाही. तुमच्याकडे शेतकऱ्याने काय केलं? घरापुरतं पिकवलं, नाहीतर रात्री विकलं. ते धान्यही माझ्या तक्त्यात नव्हतं.

पण दुष्काळात त्याच सरकारने सुमारे एक लाख वीस हजार धनगरांना, सोव्हिएत विमानं आणि ट्रक वापरून, दक्षिणेला नद्यांकाठी आणि समुद्रकाठी नेऊन वसवलं. ज्यांनी कधी मासा खाल्ला नव्हता त्यांना जाळी दिली. पाऊस आल्यावर बरेच पुरुष पुन्हा जनावरांमागे गेले, तेव्हा अर्थशास्त्राच्या भाषेत योजना फसली. "पण माणसं जगली," तुम्ही म्हणालात, "हे आधी लिही." मी आधी लिहिलं आहे. पान ६१.

पुढचं मी थोडक्यात लिहिते, कारण तुम्हीही थोडक्यातच सांगितलंत. १९७७-७८ चं इथिओपियाशी ओगादेन प्रदेशावरून झालेलं युद्ध, सोव्हिएत मदत संपली, निर्वासितांचे लोंढे आले. तुम्ही तेव्हा बरबेराच्या बंदरावर जनावरं चढवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. १९८३ मध्ये सौदीने तुमची गुरं घेणं बंद केलं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका हुकमाने गेलं. घर चाललं ते जेद्दाहला असलेल्या तुमच्या थोरल्या भावाने पाठवलेल्या पैशांवर. तो पैसा बँकेतून येत नव्हता, म्हणून कुठल्याच अहवालात नव्हता. अहवालांत तुमचा देश उपाशी दिसतो आणि बाजारात जपानी रेडिओ दिसतात, हे कोडं तुम्ही एका वाक्यात सोडवलंत: "आमचा देश अर्धा समुद्रापलीकडे होता."

आणि १९८८. सरकारची विमानं हर्गेसाच्याच विमानतळावरून उडाली आणि हर्गेसावरच बॉम्ब टाकून परत तिथेच उतरली. तुमचं घर गेलं. तुम्ही चालत इथिओपियात हार्ताशेखच्या छावणीत पोचलात. कोण वाटेत राहिलं ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही.

काका, मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्यानंतरच्या गोष्टीसाठी. ते ऐकून मी इतकी हलले, की लष्करी रकान्यातलं साक्षरता मोहिमेचं पान काढूनच टाकते म्हणाले. अशा राजवटीचं चांगलं कशाला लिहायचं? तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर रागावलात. म्हणालात, बुराओपलीकडच्या त्या बाईने स्वतःचं नाव पहिल्यांदा वाळूत लिहिलं तेव्हा मी समोर होतो. ते नाव बरेंचं नाही, तिचं आहे. ते तू कसं काढणार?

ज्याचं घर त्या सरकारने पाडलं, त्याने मला त्या सरकारशी प्रामाणिक राहायला लावलं.

नवा तक्ता तुम्हीच पेन्सिलीने आखून दिलात. १९६९ वर रेघ नाही. रेघा आहेत १९६७ वर, १९७४ वर, १९७८ वर आणि १९८३ वर: कालवा, पाऊस, युद्ध, सौदी. सरकारं त्या रेघांच्या वर लिहिली आहेत, लहान अक्षरांत. त्यामुळे निर्णय टळत नाही. लष्करी सरकारने शाळा दिल्या आणि तोंडं बंद केली. युद्धात उतरायचा निर्णय त्याचाच, त्याला सौदी किंवा पाऊस जबाबदार नाही, आणि मुलकी सरकारं वाईट असली तरी मतांनी बदलता येत होती. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आदन अब्दुल्ले उस्मान हरले आणि शांतपणे घरी गेले. हे सगळं माझ्या शेवटच्या प्रकरणात आहे, माझ्या जबाबदारीवर. परीक्षकांनी विचारलं, रेघा अशा का? मी तुमचा पेन्सिलीने आखलेला तक्ता दाखवला.

अजून एक संध्याकाळ आठवते, १४ डिसेंबर. नातवाने मोबाइलवर बातमी वाचली, की आदल्या दिवशी सोमालियाला साडेचार अब्ज डॉलरची कर्जमाफी मिळाली. तुम्ही विचारलंत, यात जुनं किती? मी घरी जाऊन शोधलं. बराचसा भाग बरेंच्या काळातल्या कर्जांचा आणि त्यावर साचलेल्या थकबाकीचा. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, तेव्हा तुम्ही नातवाच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि चहा सांगितलात. वेलची आणि लवंग घातलेला, आमच्यापेक्षा दुप्पट गोड.

प्रबंधाची बांधीव प्रत नातवाबरोबर हर्गेसाला पाठवते आहे. इंग्रजीत आहे, तुम्हाला वाचता येईल. आता दोन्ही डोळ्यांनी वाचा. पशुधनाच्या आकड्याखाली तळटीप घातली आहे: मोजणी करणाऱ्याच्या सांगण्यानुसार हा आकडा कमी नोंदवलेला आहे. तुमच्या म्हणण्याप्रमाणे नाव घातलेलं नाही.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा रावेरला यायचंच. बाबांनी सांगितलं आहे, घड उतरवायच्या दिवसांत या. आईला भाताबरोबर केळं कसं वाढायचं ते मी दाखवून ठेवलं आहे.

तुमची,
रावेरची पुतणी