ओझे कोणाच्या खांद्यावर?

प्रिय मित्रास,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एका तरुणाने आपण समलिंगी असल्याचे तुला विश्वासाने सांगितले आणि ‘आता मी प्रभुभोजनाला, भाकर व द्राक्षारस घ्यायला, येऊ की नको?’ असे विचारले, तेव्हा तुला उत्तर सुचले नाही, असे तू लिहितोस. घाईने उत्तर दिले नाहीस हे बरे झाले. अशा वेळी पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या, तोंडून पहिल्यांदा जे निघते ते ऐकणारा जन्मभर विसरत नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काय म्हणते आणि त्याच्याशी वागायचे कसे, असे दोन प्रश्न तू केले आहेस. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा बाजूला ठेवता येईल असा तुझ्या पत्राचा सूर आहे, आणि तेच मला मान्य नाही.

या विषयावर थेट बोलणारी वचने मोजकीच आहेत आणि ती सारख्या वजनाची नाहीत. उत्पत्तीच्या पुस्तकातील सदोम नगराच्या नाशाची कथा तर या वादात आणूच नये, असे माझे मत आहे. तेथे परक्या पाहुण्यांवर बळजबरी करू पाहणारा जमाव आहे, आणि सदोमाचा दोष कोणता हे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सांगितलेच आहे : गर्व, अन्नाची रेलचेल, निश्चिंत सुख, आणि दीनदुबळ्यांना हात न देणे. जुन्या करारातील लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी संग करण्याची मनाई स्पष्ट आहे. पण लेवीय २० मध्ये त्याच कृत्याला सांगितलेली देहान्त शिक्षा आज आपल्यापैकी कोणीही मागत नाही. म्हणजे नियमशास्त्र ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचावे लागते, हे आपण सगळेच, न बोलता का होईना, मान्य करतो.

खरा अवघड उतारा प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातला. पौलाच्या डोळ्यांसमोर त्या काळातील मूर्तिपूजा, गुलामांचे व किशोरांचे शोषण आणि बेताल वासना होती, दोन व्यक्तींची जन्मभराची एकनिष्ठ सोबत नव्हती, असे काही अभ्यासक म्हणतात. हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेतो, पण तो मला पुरता पटलेला नाही. पौल तेथे उत्पत्तीमधील स्त्रीपुरुषांची निर्मिती मनात धरून लिहितो आहे, असे मला दिसते. म्हणून विवाहाविषयी माझे मत जुनेच आहे : तो स्त्री आणि पुरुष यांचाच. परंतु पौलाने आपल्या पत्राचे अध्याय पाडले नव्हते. पहिल्या अध्यायाच्या शेवटी मान डोलावणाऱ्या वाचकाकडे वळून तो लगेच म्हणतो की, दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुलाही सबब नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रातील सहाव्या अध्यायाची यादीही अशीच आपण अर्धी वाचतो. त्या यादीत लोभी आहेत, मद्यपी आहेत, निंदक आहेत. लोभ्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

मंडळ्यांमध्ये या प्रश्नावर एकमत नाही. स्वीडनच्या लूथरन मंडळीत २००९ पासून समलिंगी विवाह लावले जातात. युनायटेड मेथडिस्ट मंडळीने १९७२ पासून आपल्या नियमांत असलेले प्रतिकूल वाक्य २०२४ मध्ये काढून टाकले. दुसरीकडे, कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ समलिंगी संबंध आजही अमान्य करतो, आणि १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनीही ते शास्त्राशी विसंगत ठरवले. पण हे जुन्या मताचे दस्तऐवज पूर्ण वाच. कॅथलिक ग्रंथ त्याच ठिकाणी आदर, करुणा व हळुवारपणा सांगतो आणि अन्याय्य भेदभावाला मनाई करतो. लॅम्बेथचा ठराव समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याचे वचन देतो. ही सवलत नव्हे, नेमून दिलेले कर्तव्य आहे. मनाईचा भाग व्यासपीठावरून ऐकू येतो आणि कर्तव्याचा भाग कागदावर राहतो, ही आपली जुनी लबाडी आहे.

प्रभुभोजनाविषयी माझे उत्तर सरळ आहे : त्याने यावे. त्याने तुला आपले आकर्षण सांगितले आहे. आणि मोह होणे म्हणजे पाप करणे नव्हे, हा भेद जुने मत मानणाऱ्यांनीच कायम केलेला आहे. प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी हा पौलाचा नियम तुला, मला आणि त्याला एकच आहे.

आता माझ्या मनात सर्वांत जास्त घोळणारी गोष्ट. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू शास्त्री-परूश्यांविषयी, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांविषयी, म्हणतो की, ते जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर देतात, पण स्वतः ती बोटानेही हलवत नाहीत. माझ्यासारखे मत असलेल्या पाळकाने हे वचन रोज वाचावे. ‘तू आजन्म अविवाहित राहा’ हे एका वाक्यात सांगून होते. पण ते पाळणाऱ्याने नाताळच्या दिवशी कोणाच्या घरी जेवायचे, तापाने फणफणला असता त्याच्या उशाशी कोणी बसायचे, म्हातारपणी त्याची विचारपूस कोणी करायची? कॅथलिकांकडे निदान मठ आणि व्रतस्थांचे संघ आहेत. आपल्या प्रोटेस्टंट पूर्वजांनी मठ बंद केले आणि त्या जागी कुटुंबाचे इतके गुणगान सुरू केले की, एकट्या माणसाला आपल्या मंडळीत बसायला बाक आहे, पण घर नाही. जी मंडळी आपले घर उघडणार नाही, तिला ब्रह्मचर्य मागण्याचा अधिकार नाही, असे मी आता उघड म्हणतो. आणि पुढे कधी त्याने वेगळा निर्णय घेतला, जोडीदार निवडला किंवा वेगळे मत असलेल्या मंडळीत गेला, तरी तुझे दार त्याच्यासाठी बंद होऊ देऊ नकोस.

‘बरे करण्याच्या’ नादी मात्र लागू नकोस. उपास, हात ठेवून प्रार्थना, भूत काढणे, यांतले काहीही त्याच्यावर लादू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच रोगांच्या यादीतून वगळली. असा पालट घडवण्याची आशा दाखवणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही मोठी ख्रिस्ती संस्था १९७६ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये, तिच्या अध्यक्षांनी दुखावलेल्यांची जाहीर क्षमा मागितल्यावर, बंद झाली. ‘लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल’ हा सल्ला तर त्याहून वाईट, कारण त्यात एका अजाण मुलीचेही आयुष्य पणाला लागते.

त्याने सांगितलेले तुझ्यापाशीच राहू दे. घरातही बोलू नकोस. प्रार्थनासभेत नाव न घेता ‘एका तरुणासाठी’ प्रार्थना मागणेही टाळ, कारण आपल्याकडे चहाडी बहुधा प्रार्थनेच्या विषयाचे रूप घेऊनच फिरते. आईवडिलांना सांगायचे की नाही आणि केव्हा, हे तो ठरवील. त्या वेळी सोबत हवी असल्यास तू जा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारायला कचरू नकोस. येत असेल तर त्याला एकटे सोडू नकोस, आणि त्याला बदलू न पाहणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जा.

तो शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवतो, असे तू लिहिले आहेस. ही गोष्ट उद्या मंडळीच्या वडीलजनांच्या, म्हणजे कारभाऱ्यांच्या, कानावर गेली, तर ते काम त्याच्याकडून काढून घेण्याची मागणी नक्की होईल, आणि तुझी खरी परीक्षा त्या बैठकीत होईल. इतर शिक्षकांना जो नियम, तोच त्याला, एवढे एकच वाक्य धरून ठेव. बैठकीची तारीख ठरली तर मला आधी कळव. मी येऊन तुझ्या शेजारी बसेन.

तुझा मित्र