'उद्या' म्हणजे कोणता वार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या चोपडा तालुक्यात दुपार टळल्यावर माणसं सारखी आभाळाकडे बघत असतात. मृगबागेच्या, म्हणजे आदल्या वर्षी मृगात लावलेल्या केळीवर तेव्हा घड लटकलेले असतात. खोड पाण्याने भरलेलं, मुळं वरवरची. वारा सुटला की तासाभरात वर्षाची कमाई आडवी होते. मग रात्री गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोपांची रांग लागते. त्या निरोपांबद्दलच हे पत्र आहे, कारण गेल्या वर्षी त्यातला एक निरोप मी लिहिला होता आणि वाचून न बघता पाठवला होता.

बुधवारी संध्याकाळी वादळ झालं. रात्री साडेअकराला मला फोन आला, दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला पथक येतंय. गावात वीज नाही, मोबाइल सहा टक्क्यांवर. हातासरशी लिहिलं: "उद्या सकाळी पंचनामा आहे. सर्वांनी कागदपत्रे घेऊन हजर राहावे. पडलेली झाडे कोणीही उचलू नयेत." पाठवलं आणि आडवा झालो. सगळ्यांना कळवलं याचं समाधानच वाटत होतं.

मध्यरात्रीनंतर मोबाइलचा टॉवरही बसला. बऱ्याच जणांच्या फोनवर माझा निरोप उतरला तो गुरुवारी दुपारी. कुणी तो तसाच पुढच्या ग्रुपवर ढकलला, तिथून तो भाऊबंदांच्या ग्रुपवर गेला. ज्याने वाचला त्याने आपल्या दिवसापासून 'उद्या' मोजला. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. नवरा नाही, मुलगा सुरतला कामाला, नावावर एक एकर. त्यांना शेजारच्या पोराने गुरुवारी दुपारी निरोप वाचून दाखवला. शुक्रवारी सकाळी सात वाजल्यापासून त्या बांधावर उभ्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आधार, पासबुक. पथक आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं.

दुपारी मी त्या रस्त्याने गेलो तेव्हा त्या तिथेच होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, तुना सकाय कोनता वार व्हता रे?" आमच्या अहिराणीत 'सकाय' म्हणजे उद्या.

रागावून नाही म्हणाल्या. खरंच विचारत होत्या. मला उत्तर देता आलं नाही. त्यांचा पंचनामा नंतर झाला, पण अकरा दिवसांनी, चार चकरा मारल्यावर. "झाडे उचलू नयेत" हेही माझंच वाक्य, म्हणून तोवर त्यांनी बागेला हात लावला नाही. पडलेले घड जागेवर सडले. शेजारच्यांनी खोडं काढून रान मोकळं केलं होतं आणि या बाईंच्या वावरातून वास येत होता.

मला याची बोच जास्त आहे, कारण मी बारा वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवले आहेत. तेव्हा एका ओळीची चूक म्हणजे काय ते हाताला कळायचं. जुळवलेल्या ओळींच्या थाळीवरून, म्हणजे गॅलीवरून, प्रूफ काढायचं, एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून ऐकायचं, खुणा करायच्या, चिमट्याने खिळा उपसून दुसरा बसवायचा, पुन्हा प्रूफ. दुसरं प्रूफ वाचल्याशिवाय मालक फर्मा, म्हणजे छपाईसाठी बांधलेला मजकूर, मशीनवर चढवू देत नसत. लग्नपत्रिका असो की सोसायटीची नोटीस. कंटाळा यायचा. पण त्या कंटाळ्यातच चुका सापडायच्या, कारण मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडते तिथे काहीतरी राहिलेलं असतं. मोबाइल हातात आला आणि ही सवय मी कधी सोडली ते मलाच कळलं नाही.

लोकांना वाटतं, लिहिलेलं तपासायचं म्हणजे शुद्धलेखन तपासायचं. आमच्या छापखान्याच्या भिंतीवर लेखनाच्या नियमांचा तक्ता चिकटवलेला होता. १९६२ साली सरकारने मान्य केलेले १४ आणि १९७२ साली वाढवलेले ४, असे १८ नियम. मला ते पाठ होते आणि आजही त्यांचा आदर आहे. पण घरात अहिराणी बोलणाऱ्या आमच्या माणसांना या ऱ्हस्व-दीर्घाची इतकी धास्ती बसली आहे की 'आपल्याला काय शुद्ध लिहिता येतं' म्हणून ते तपासायच्या वाटेलाच जात नाहीत. माझ्या त्या निरोपात काना-मात्रेची एकही चूक नव्हती. कुणी 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. वार, तारीख, वेळ आणि जागा राहिली तर बिघडतं. मला वाटतं, शाळेत निबंधाच्या वहीत लाल गोल करताना हा फरक मुलांना सांगायला हवा.

बोलून टाइप करण्याची सोय आल्यापासून तर जास्तच जपायला हवं. त्याच वादळाच्या रात्री माझ्या पुतण्याने फोनमध्ये बोलून कळवलं, "शिवारात नऊशे घड पडले." फोनने लिहिलं, "नऊशे घर पडले." माझी बहीण सुरतला असते. तिने ते वाचलं आणि रात्रभर फोन लावत राहिली. आमचे फोन बंद. दुसऱ्या दिवशी बोलली तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता. एका अक्षराचा फरक, आणि वाचायला पाच सेकंदसुद्धा लागले नसते. पाठवल्यावर १५ मिनिटांपर्यंत दुरुस्ती करता येते हे खरं, पण तोवर कुणी तो मजकूर पुढे पाठवला असेल तर ती दुरुस्ती तिकडे पोचत नाही.

संपादक महाशय, आपल्याबद्दलही एक सांगायचं आहे. काही वर्षांपूर्वी ठिबकच्या अनुदानाबद्दल मी चार पानी पत्र धाडलं होतं. छापून आल्या अवघ्या बारा ओळी. मी फार चिडलो होतो. महिन्याभराने कात्रण पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की माझं म्हणणं त्या बारा ओळींत सगळं होतं, आणि गेलेल्या साडेतीन पानांत माझा नुसता संताप होता. त्या टेबलावर ज्यांनी कुणी बसून ते काम केलं, त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते. ते आज मानतो.

आता पुन्हा वादळाचे दिवस आले आहेत. सरपंच, सोसायटीचे सचिव, पाणीवाटप बघणारे, आणि ग्रुपवर पहिला निरोप टाकण्याची हौस असलेले आमचे तरुण, या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: लिहिलेलं एकदा मोठ्याने वाचा, आणि जो माणूस ते उशिरा वाचणार आहे, दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार आहे, त्याच्या कानाने ऐका. दोन मिनिटांनी पंचनामा हुकत नाही.

मी आता निरोप आधी बिलाच्या पाठीवर लिहितो आणि कुंपणावरून त्या काकूंना वाचून दाखवतो. गेल्या आठवड्यात ठिबकच्या नळ्या वाटायच्या होत्या. मी वाचलं, "रविवारी सकाळी ९ वाजता नेहमीच्या ठिकाणी यावे." वार होता, वेळ होती. तारीखही घातली होती. काकूंनी भाकरी थापता थापता हात थांबवला. म्हणाल्या, "तुमना घरमा नवी सून आयेल शे. तिले नेहमीनी जागा काय माहीत?"

'नेहमीच्या ठिकाणी' खोडलं, 'मारुतीच्या पारावर' लिहिलं, आणि मग पाठवलं.

आपला,
एक केळी उत्पादक शेतकरी,
ता. चोपडा, जि. जळगाव