आत्याच्या घरचं स्थळ

चि. स्नेहल हिस
अनेक आशीर्वाद.

काल तू विचारलंस, "आण्णा, आत्यानं अक्षयसाठी मला मागितलं, तर तिला तोंडावर नाही का म्हणालात?" बागेत छाटणीची माणसं होती, मागोमाग पेस्ट लावायचं चाललं होतं, त्यामुळं धड बोलता आलं नाही. तुझी आत्या म्हणजे माझी आक्का, तिच्याशी माझं भांडण नाही आणि तिच्या अक्षयमध्ये काही खोट नाही. पोरगं कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे. कारण तुझ्या भावाच्या, रोहनच्या फाइलीत आहे.

मामाची पोर हक्काची, असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. तुझी आई माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आता आक्का तोच हक्क अक्षयसाठी मागते आहे आणि सगळ्या तासगाव तालुक्यात कुणाला त्यात वावगं दिसणार नाही. आमचं लग्न चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. नात्यातल्या कितीतरी जोडप्यांची पोरं धडधाकट आहेत. आपल्या घरात रोहनच्या वेळी हिशेब उलटा पडला.

तो वेळेवर चालायला लागला होता. दोन वर्षांचा व्हायच्या आत चवड्यांवर चालू लागला, मग उंबऱ्याला अडखळू लागला. कुणी कॅल्शियम दिलं, कुणी बूट करून घ्यायला सांगितलं. आक्कानं देवऋषी गाठला, आम्ही जोतिबाला जाऊन आलो. शेवटी मिरजेत एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि पेनाच्या टोकानं दाखवलं: जो भाग गडद दिसायला हवा तो पांढुरका, आणि डावीकडं जसा तसाच उजवीकडं. असं दोन्ही बाजूंना सारखं दिसलं की जन्मजात आजाराची शंका घ्यावी लागते, असं ते म्हणाले. पुढं रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या होऊन नाव कळलं, मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी. ते नीट उच्चारायलाच मला महिना लागला.

मेंदूतल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं. त्याच्यामुळं निरोप झपाट्यानं पोचतो, आणि त्या चरबीमुळंच मेंदूचा तो भाग पांढरा दिसतो. मायलिनमध्ये सल्फेटाइड नावाचा पदार्थ असतो. जुना झालेला सल्फेटाइड मोडून काढायचं काम एका एन्झाइमचं, ॲरिलसल्फेटेज ए. गोठ्यात रोज शेण पडणारच, ते काढणारा माणूसच नसेल तर जनावर तरी काय करील? रोहनच्या अंगात तो काढणाराच नव्हता. सल्फेटाइड साठत गेला आणि मायलिन नासत गेलं, मेंदूतलंही आणि हातापायांच्या नसांवरचंही. पुढचं तू डोळ्यांनी बघितलं आहेस, ते परत लिहीत नाही.

भावकीतल्या बायका तेव्हा तुझ्या आईकडं बोट दाखवायच्या. तिच्या पोटाचा दोष म्हणे! या एन्झाइमच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक चांगली असली तरी भागतं, म्हणून मी आणि तुझी आई ठणठणीत आहोत. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच आजार, आणि आमच्यासारख्या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला तो धोका चारात एक. म्हणजे निम्मं माझ्याकडूनच गेलं होतं, पण माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. रोहनच्या रिपोर्टमध्ये दोन्ही प्रतींत एकाच जागी एकच बिघाड आहे. एवढ्या दुर्मिळ आजारात याचा अर्थ बहुधा एकच: माझ्या आजोळचं कुणीतरी एक माणूस, आणि त्याच्याकडून आलेली तीच प्रत माझ्या आईतून मला, मामांतून तुझ्या आईला.

आता तुझं. तुला आजार नाही, पण तू वाहक असण्याची, म्हणजे तुझ्यात एक बिघडलेली प्रत असण्याची शक्यता तिनात दोन. माझ्या आईची ती बिघडलेली प्रत आक्काला आली असण्याची शक्यता निम्मी, तिच्याकडून अक्षयला आली असण्याची त्याच्या निम्मी. सगळं गुणून बघितलं तर तुमच्या मुलाला धोका चोविसात एक. बाहेरच्या घरी, समोरच्या शंभरांत एक वाहक धरला, तर सहाशेत एक. म्हणून नाही म्हणालो. पण तुझ्या मनात अक्षय असेल तर स्पष्ट सांग, लाजू नको. आधी दोघांची टेस्ट करू. त्याच्या दोन्ही प्रती चांगल्या निघाल्या तर या आजारापुरता प्रश्न मिटला. नात्यातले आणखी कुठले बिघाड दोघांत सारखे असतील ते मात्र त्या एका टेस्टवरून कळणार नाही.

अक्षय असो वा दुसरा कुणी, तुझी टेस्ट लग्नाआधी होऊ दे. नुसती एन्झाइमची नको. काही निरोगी माणसांतही हे एन्झाइम मुळातच कमी असतं, उगाच घोळ होतो. जनुकाचीच कर. रोहनचा बिघाड नेमका कुठं आहे ते माहीत असल्यामुळं लॅबला तेवढीच जागा बघावी लागते. वाहक निघालीस तर मुलाकडच्यांना मी स्वतः सांगेन, आणि त्या मुलाचीही तपासणी करायला सांगेन. तोही वाहक निघाला तरी लग्न मोडायचं कारण नाही. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भाचं कळतं.

औषधाचं विचारलंस. जीन थेरपी, म्हणजे जनुकाची चांगली प्रत अंगात घालायचा उपचार, निघाली आहे. युरोपात डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये. तिथली किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर, आपली सगळी द्राक्षबाग विकली तरी व्याजसुद्धा निघणार नाही. आणि रोहनसारख्या तान्ह्या वयातल्या आजारात ती लक्षणं दिसायच्या आत द्यावी लागते. घरात आधीचं मूल आजारी निघालं असेल तर पाठच्या बाळाला जन्मताच तपासण्याचा उपयोग तो इथंच.

आक्काला समजवायचं माझ्याकडं. ती चार दिवस रुसेल, मग भाऊबीजेला येईलच. रिपोर्टचा फोटो आज रात्री व्हॉट्सॲपवर टाकतो. दुसऱ्या पानावर खाली बिघाडाचा नंबर आहे, तो लॅबवाल्याला आधी दाखव आणि पैसे किती ते विचारून मला कळव.

तुझे
आण्णा