एअरबॅगचा दिवा, पुसलेला कोड आणि परस्पर बंद केलेली माझी तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या कॉल सेंटरने माझी तक्रार तिसऱ्यांदा 'रिझॉल्व्ह' केली. दिवा अजून लागतोय. म्हणून हे पत्र.

गाडी २०१२ ची, ९४,००० किलोमीटर चाललेली, पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात, अपघात एकही नाही. एप्रिलपासून एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागतो. चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझतो तो नव्हे, तेवढं मला कळतं. हा चालत्या गाडीत लागतो आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की बहुतेक वेळा जातो.

मी वीज मंडळात ३१ वर्षं काढली. येऊन-जाऊन असणारा फॉल्ट वहीत लिहून ठेवायचा, ही तिथली सवय. दोन महिन्यांत दिवा १४ वेळा लागला. त्यातल्या ११ वेळा सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळलेलं होतं. चार वेळा त्याच क्षणी हॉर्नही वाजला नाही. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरवर, म्हणजे एअरबॅगच्या तारांच्या जोडावर, आधी माझाही संशय होता. सीट मागेपुढे सरकवून पाहिली, काही फरक नाही. हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग, दोन्हींच्या तारा स्टिअरिंगखालच्या एकाच क्लॉक स्प्रिंगमधून, म्हणजे स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या तारांच्या गुंडाळीतून, जातात. गाडी तुम्ही बनवलीत, पुढचं मी सांगायला नको.

८ जूनला सर्व्हिस सेंटरला वही घेऊन गेलो. ॲडव्हायझरने ती उघडलीसुद्धा नाही. उभ्या गाडीला, चाकं सरळ ठेवून बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि म्हणाला, "हिस्ट्रीत एक कोड होता काका, इरेज केला." कोणता? "बी ने सुरू होणारा." पुढचे आकडे? लिहून घेतले नाहीत. प्रिंट? नाही. अहो, ट्रिप झालेल्या फीडरच्या (वीजवाहिनीच्या) रिलेचा फ्लॅग, म्हणजे बिघाड दाखवणारी खूण, न बघता मी रीसेट केला असता, तर साहेबांनी संध्याकाळच्या आत मेमो हातात ठेवला असता.

पाच दिवसांनी दिवा परत लागला. २१ जूनला दुसरी फेरी. या वेळी कोडच नाही म्हणाले, पण एस्टिमेट मात्र तयार: एअरबॅग मॉड्यूल बदला, ४२,००० रुपये. कशावरून? "बहुतेक तेच असतं." मी म्हटलं, स्कॅनर लावलेलाच ठेवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. त्यावर, "काका, एवढी जुनी गाडी, एक्सचेंजची चांगली स्कीम चालू आहे." नव्या गाड्यांच्या टेबलावर कॉफी मिळते, ही माहिती त्या दिवशी पदरात पडली.

आता आजचा फोन. तो जसाच्या तसा देतो, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच.

"सर, दिवा आत्ता लागलेला आहे का?"
"आत्ता गाडी खाली पार्किंगमध्ये बंद आहे."
"म्हणजे आत्ता लागलेला नाही."
"बाई, बंद गाडीत कुठलाच दिवा लागत नाही."
"बरोबर सर. म्हणजे सध्या प्रॉब्लेम नाहीये. मी तक्रार रिझॉल्व्ह करते. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

मी गप्प राहिलो. ती म्हणाली, "सर, पाच धरू का?"

त्या मुलीवर माझा राग नाही, तिच्या समोर कोणीतरी ठरलेल्या प्रश्नांचा तो कागद ठेवलाय. तो कागद लिहिणाऱ्यावर आहे. त्याच्या हिशोबाने माझी गाडी रोज रात्री आपोआप दुरुस्त होते.

दुसरीकडे जावं, तर आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडचा स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो. "काका, एअरबॅगला मी हात लावणार नाही," असं त्याने तोंडावर सांगितलं. मीही मल्टिमीटर लावलेला नाही. त्या सर्किटला मीटर लावायचा नसतो, हे ठाऊक आहे. तुमच्या पुस्तिकेतही लिहिलंय, दिवा लागला तर अधिकृत केंद्रात दाखवा. दाखवला. दोनदा दाखवला. अधिकृत केंद्राने अधिकृतपणे पुरावा पुसला. हे पुन्हा लिहितोय, कारण तो कोड जपला असता तर बाकीचं काहीच घडलं नसतं.

महिन्यातून दोनदा बायकोला घेऊन साताऱ्याहून पुण्याला जातो. खंबाटकी उतरताना समोरची बॅग उघडेल की नाही, याचा विचार आता दर वेळी मनात येतो. ही तुमची माझ्याकडची दुसरी गाडी. मेहुण्यालाही मीच तुमचीच घ्यायला लावली, आणि आता त्याच्यासमोर विषय बदलतो.

मला नवी गाडी नको, कूपन नको. स्टिअरिंग फिरवत तपासणी करा, जो कोड येईल तो लेखी द्या आणि क्लॉक स्प्रिंग खराब निघाली तर तेवढीच बदला. तिचे पैसे मी देईन, जुनी झाली आहे हे मान्य. मॉड्यूलचे देणार नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीचा दावा टाकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच टाकता येतो, आणि एवढ्या रकमेला फी नाही. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

गुणांचं राहिलंच. पाच धरू नका.

एक ग्राहक, सातारा

सोबत: दोन्ही जॉबकार्ड, ४२,००० चं एस्टिमेट आणि वहीच्या तीन पानांची झेरॉक्स. या वेळी उघडून बघा.